कॅशनं ती गाणी पळवली का? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जॉनी कॅशच्या 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'वरच्या, म्हणजे त्यानं उतारवयात निर्माता रिक रूबिनसोबत केलेल्या अल्बमांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही झोडपून काढणारी प्रतिक्रिया दिलीत, तीही गाणी ऐकून. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विझत चाललेल्या एका कंट्री गायकाच्या हातात रिक रूबिननं तरुण बँडांची गाणी दिली आणि काळे कपडे नि थकलेला आवाज विकला. 'हर्ट' (मूळ नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं गाणं) चाललं ते व्हिडिओमुळे. आणि जुन्या हिंदी गाण्यांची रिमिक्स करणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, तर या म्हाताऱ्याला डोक्यावर का घ्यायचं?

विकण्याबद्दल आपला वादच नाही. १९८६ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं कॅशला नारळ दिला होता. रूबिन म्हणजे बीस्टी बॉइज (रॅप) आणि स्लेयर (हेवी मेटल) या बँडांचा निर्माता. कुणाला काय विकायचं हे त्याला नेमकं कळत होतं. या मालिकेतल्या 'अनचेन्ड' अल्बमला ग्रॅमी मिळालं तेव्हा 'बिलबोर्ड' या संगीताच्या नियतकालिकात पानभर जाहिरात आली: १९६९ साली सॅन क्वेंटिन तुरुंगात कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवणारा कॅश, आणि सोबत कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिलचे नि कंट्री रेडिओचे उपरोधानं जाहीर आभार. शुद्ध मार्केटिंग! मला ती जाहिरात फार आवडते, ही गोष्ट वेगळी.

पण म्हातारपणी रॉकची गाणी हाती लागली, हे पटत नाही. हा माणूस १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधून आला, एल्विस जिथून आला तिथूनच. गिटारच्या तारांखाली कागद सरकवून ड्रमसारखा खरखरीत ठेका काढायचा, कारण बँडमध्ये ड्रम नव्हताच. १९६५च्या एकाच अल्बममध्ये त्यानं बॉब डिलनची तीन गाणी गायली. १९७८ मध्ये रोलिंग स्टोन्सचं 'नो एक्स्पेक्टेशन्स' गायलं. स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' १९८२ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्यातली दोन गाणी कॅशनं रेकॉर्ड केली. तेव्हा रूबिन त्याच्या आयुष्यात नव्हता आणि कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. दुसऱ्याचं गाणं उचलणं ही त्याची जन्माची सवय. 'रिंग ऑफ फायर'सुद्धा त्याचं नाही. ते जून कार्टर (पुढे त्याची बायको) आणि मर्ल किलगोरनं लिहिलं आणि कॅशच्या आधी जूनची बहीण अनितानं गायलं.

आता रिमिक्स. रिमिक्सवाला चाल तशीच ठेवतो आणि वर ठोकळेबाज बीट चढवतो. कॅश उलटं करतो, काढून टाकतो. साउंडगार्डन या रॉक बँडचं 'रस्टी केज' घ्या. मूळ गाण्यात ख्रिस कॉर्नेल वरच्या पट्टीत किंचाळतो, खाली गिटार सुसाट, आणि शेवटाकडे ताल असा मोडतो की मोजताना चुकायला होतं. हे कॅशनं गायचं कसं? त्यानं किंचाळणं सोडलं आणि खर्जात, जवळजवळ बोलल्यासारखं गायलं. कॉर्नेलच्या तोंडी गंजलेला पिंजरा तोडायची भाषा म्हणजे तरुण रग वाटते. फॉल्सम आणि सॅन क्वेंटिनच्या कैद्यांपुढे गायलेला माणूस तेच म्हणतो तेव्हा खराखुरा तुरुंग दिसतो, आणि पळून जायचा बेत थंड डोक्यानं केल्यासारखा वाटतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: शब्द तेच राहतात, बोलणारा माणूस बदलतो. जिथे हे घडतं तिथे कॅशचं कव्हर उभं राहतं. घडत नाही तिथे पडतं.

'पर्सनल जीझस'ची तर गंमतच आहे. डेपेश मोड या ब्रिटिश बँडच्या मार्टिन गोरला ते सुचलं प्रिसिला प्रेस्लीचं एल्विसवरचं पुस्तक वाचून. माणूसच माणसाचा देव होऊन बसतो, असा थोडा बोचरा विषय. कॅशनं मात्र ते सरळ भजन म्हणून घेतलं, त्यातला उपरोध बाजूलाच ठेवला. आणि कॅश कोण? त्याच एल्विसचा सनमधला सोबती.

राहिलं 'हर्ट'. व्हिडिओनं गाण्याला पंख दिले हे मान्य. दिग्दर्शक मार्क रोमानेकनं बंद पडलेलं 'हाउस ऑफ कॅश' संग्रहालय दाखवलं, जुन्या फिती कापून जोडल्या, मागे उभ्या जूनचा चेहरा दाखवला. ती मे २००३ मध्ये गेली, हा सप्टेंबरमध्ये. एवढं माहीत असताना ते कोरड्या डोळ्यांनी बघणं अवघड आहे. पण एकदा व्हिडिओ बंद करून ऐका. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरच्या मूळ गाण्यात गिटारचा एक सूर मुद्दाम खटकणारा ठेवलाय आणि शेवट कर्कश गोंगाटात होतो. कॅशच्या गाण्यात तो खटका नाही; साधे, कुठल्याही शिकाऊ मुलाला वाजवता येतील असे कॉर्ड. सगळा ताण पियानोवर टाकलाय. एकच सूर पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक जोरात, आणि मग एकदम थांबतो. हे व्हिडिओनं केलेलं नाही.

शेवटी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली तर, अशी भाषा येते. रेझ्नरनं ते वयाच्या तिशीआत लिहिलं. त्याच्यासाठी ती शक्यता खरी होती. सत्तरीच्या, तब्येत ढासळलेल्या कॅशला ती शक्यता उरलेलीच नाही आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. गाण्यातला नशेच्या सुईचा उल्लेख कॅशच्या आयुष्यातला नाही, असं तुम्ही लिहिलंत. बरोबर, त्याचं व्यसन गोळ्यांचं. १९६५ मध्ये एल पासोला त्याला पकडलं ते गिटारच्या पेटीत शेकडो गोळ्या सापडल्या म्हणून. पण गायकाच्या प्रत्येक शब्दाची पंचनाम्यासारखी पडताळणी करायची, तर अर्धं संगीत बंद करावं लागेल.

'हर्ट'मधल्या मुकुटाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूला झुकतो. मूळ गाण्यात मुकुटाला जोडून शिवी आहे, कॅशनं ती काढून काट्यांचा मुकुट केला. त्याच्या श्रद्धेला ते शोभतं, पण रेझ्नरच्या ओळीत स्वतःबद्दलची जी किळस आहे ती गेली. मला मूळ ओळच जास्त लागते. यू२ बँडच्या 'वन'मध्येही फारसं काही हाती लागत नाही. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' आणि 'डेस्पराडो' आली की मी पुढच्या गाण्यावर जातो; तिथे फक्त म्हातारा आवाज आहे, नवा माणूस नाही.

मूळ गाणी झाकली जातात, ही तुमची शेवटची तक्रार. नाइन इंच नेल्स आजही अनेक मैफिली 'हर्ट'नं संपवतात. आणि उसनवारी एकतर्फी नव्हती. ऑस्ट्रेलियन रॉक गायक निक केव्हनं १९८६ मध्येच कॅशचं गाणं स्वतःच्या अल्बममध्ये घेतलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी केव्हचं 'द मर्सी सीट' आलं, विजेच्या खुर्चीकडे निघालेल्या माणसाचं. ते कॅशनं २००० मध्ये गायलं. आणि २००२च्या अल्बममध्ये दोघं मिळून हँक विल्यम्सचं गाणं गायले. 'मर्सी सीट'ची दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकून बघा. मला केव्हचं उजवं वाटतं. तुमचं मत कळवा.