‘दहा मिनिटांत सापडलं’ या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, गाडी हवी तेव्हा हातात मिळाली नाही, याबद्दल दिलगीर आहे.

तुम्ही लिहिलंय की गाडी आठवडाभर आमच्याकडे पडून होती, आवाज सापडला नाही तरी तपासणीचे पैसे घेतले, मीटरवर किलोमीटर वाढवले, आणि शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने ‘दहा मिनिटांत’ डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा, पुढे नुसतं ‘डिफ’) मागच्या माउंटिंगचं बुश, म्हणजे तो डबा गाडीला धरून ठेवणाऱ्या जोडातलं रबर, फाटलेलं दाखवलं. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण त्या दहा मिनिटांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. रिव्ह्यू आल्यापासून जुनी गिऱ्हाइकंसुद्धा गाडी सोडताना ‘तुमच्याकडे स्कॅनर आहे ना?’ असं विचारायला लागली आहेत. स्कॅनर आहे. पण रबराच्या बुशला सेन्सर नसतो, त्यामुळे ते फाटलं तरी स्क्रीनवर काही उमटत नाही. असा आवाज कानाने आणि हाताने शोधावा लागतो.

तुम्ही गाडी दिलीत तेव्हा सांगितलं होतं, ‘गिअरबॉक्समधून ठक् असा आवाज येतो, गिअरबॉक्स उतरवा.’ मी उतरवला नाही. रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेख नाही म्हणून इथे लिहितो. इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना असलेल्या दोन सीटच्या गाडीत गिअरबॉक्सचा बोगदा तुमच्या मांडीला लागून जातो, आणि मागचा अ‍ॅक्सल पाठीमागे हाताच्या अंतरावर असतो. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागे डिफपर्यंत नेणारा दांडा, ही पोकळ नळी. मागे डिफला बसलेला धक्का तिच्यातून आणि बोगद्याच्या पत्र्यातून पुढे येतो आणि गिअर लिव्हरखाली वाजल्यासारखा वाटतो. तुमच्या कानाला दोष देत नाही, भल्याभल्यांना तिथूनच ऐकू येतो. मी मात्र ऐकीव आवाजावर तुमचा गिअरबॉक्स खाली घेतला असता तर बिल मोठं झालं असतं, आवाज तसाच राहिला असता, आणि तेव्हा एक स्टारही जास्तच ठरला असता.

आता वेळेचं. गाडी थंड असताना हा आवाज येतच नव्हता. सकाळी चालू करून गल्लीत फिरवली तर गाडी अगदी शांत. चांगली तापली, डिफचं तेल पातळ झालं, शेजारून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपने बुशचं रबर मऊ पडलं, की मग दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकदाच ‘ठक्’. ते ऐकायचं तर आधी गाडी तापेपर्यंत चालवायची, आवाज पकडायचा, लिफ्टवर घ्यायची, एक शक्यता तपासायची, आणि तोवर गाडी पुन्हा थंड. किलोमीटर वाढले ते असे. ट्रायलला सोबत बसा अशी विनंती मी केली होती, कारण ‘हाच तो आवाज’ हे मालकच खात्रीने सांगू शकतो. तुम्हाला वेळ नव्हता, समजू शकतो. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत गाडी पार्किंगमध्ये न्यूट्रलला उभी राहून रेस होते आहे. न्यूट्रलमध्ये डिफवर जोर येतच नाही, तर आवाज कुठून येणार?

‘नुसती फिरवली’ असं तुम्ही म्हणता, म्हणून काय काय बघितलं तेही सांगतो. आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाजत असता तर चाक, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंवा सी.व्ही. जॉइंट (डिफपासून चाकाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलचा वळणारा सांधा). त्याच्या साधारण चौपट वेगाने वाजत असता तर प्रोपेलर शाफ्ट, कारण डिफच्या आधी शाफ्ट चाकापेक्षा तेवढा जास्त फिरतो. तुमचा आवाज लयीत नव्हताच. जोराची दिशा बदलली की एकदा, बस. म्हणजे कुठेतरी सैल आहे आणि ते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आदळतंय. सैल कुठे कुठे असू शकतं? ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये सरकतात, ते हलका ब्रेक धरून चालवून तपासलं. अ‍ॅक्सलची तोंडं हबला कोरडी घासली तर रिव्हर्सनंतर पहिल्यांदा पुढे जाताना एक टक् येतो, पण तो पुढे जातानाच पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून तेही बाद. शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, हाताने पिळून बघितले, घट्ट. सी.व्ही. जॉइंटचे बूट (वरची रबरी कव्हरं) शाबूत, ग्रीस बाहेर नाही. डिकी रिकामी करूनही एक ट्रायल मारली, कारण सैल पडलेला जॅक असे खूप खेळ करतो.

मग डिफ. तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा बारीक करडा लेप होता, बोटावर घेऊन चोळला तर कण लागत नव्हता. दात तुटत असते तर चकचकीत कपच्या निघाल्या असत्या. तुमच्या डिफमध्ये लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक घसरून फिरत राहू नये म्हणून असलेल्या) क्लच प्लेटा आहेत, म्हणून त्याला लागणारं अ‍ॅडिटिव्ह असलेलंच तेल भरलं. ते बिलात आहे, फुकट घेतलेलं नाही. डायल गेज लावून डिफमधल्या मोठ्या गिअरचा, म्हणजे क्राउनचा, बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) मोजला. बहुतेक गाड्यांत तो ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमचाही त्यातच होता. तो शून्य करा असं कुणी सांगितलं तर करू नका, दात तापून चिकटतील. थोडा खेळ लागतोच, आणि मागची चाकं ओढणाऱ्या प्रत्येक गाडीत असे चार ठिकाणचे थोडेथोडे खेळ एकत्र होऊन थोडा आवाज येतोच. तुमचा त्याहून जास्त होता, म्हणूनच मी ‘असंच असतं साहेब’ म्हणून गाडी परत दिली नाही. तसं म्हणणं माझ्यासाठी सगळ्यात सोपं होतं.

उरलं माउंटिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिफचं नाक वर उचलतं, सोडला की खाली बसतं. पहिल्या गिअरचं प्रमाण साडेतीन आणि डिफचं चार धरलं तरी इंजिनचा जोर चौदापट होऊन मागे पोहोचतो, आणि त्याचा सगळा उलटा झटका ही दोन-तीन रबरं खातात. फाटलेलं बुश गाडी उभी असताना मिटलेलं दिसतं, चीर उघडते ती जोर आल्यावर. शिवाय तुमच्या गाडीत मागच्या बुशच्या तोंडावरून सायलेन्सरचा पाइप जातो. तो उतरवायचा तर गंजलेले स्टड (पाइप धरणारे बोल्ट) तुटण्याची शक्यता. तुमचा स्टड तुमच्या परवानगीशिवाय मी तोडू का?

म्हणून जॉब कार्डवर शेवटची ओळ लिहिली: ‘डिफचं मागचं माउंटिंग संशयित. पाइप उतरवून, लोड देऊन बघणे. मालकाची परवानगी बाकी.’ त्याचा फोटो तुमच्या फोनवर पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि गाडी घेऊन गेलात. कार्डाची प्रत ग्लव्ह बॉक्समध्ये होती. ज्यांनी दहा मिनिटांत बुश दाखवलं त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पहार लावून नेमकं तिथेच बघायचं हे त्यांना कशावरून सुचलं, एवढंच कधीतरी विचारून बघा. सगळं तपासून झाल्यावर उरलेली एक जागा बघायला दहा मिनिटं लागतात, हे मलाही मान्य आहे. बिल आधीच्या तपासाचं होतं.

आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका. गाडीत काही बदललंय का असं विचारलं तेव्हा ‘सगळं कंपनीचंच आहे’ म्हणालात. लिफ्टवर घेतल्यावर गिअरबॉक्सखाली रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचं पिवळं माउंटिंग दिसलं. गाडी शौकाची आहे, बदल करावेत, त्याला माझी हरकत नाही. पण गिअरबॉक्सचं टोक कडक बांधलं आणि डिफकडे जुनं रबर तसंच ठेवलं, तर हालचाल मागेच जाते, आणि माझ्या मते ते बुश लवकर गेलं त्याला हेही कारण असणार. शिवाय कडक माउंटिंगमुळे बारीक आवाजही बॉडीत जास्त येतात, त्यामुळे कुठला आवाज जुना आणि कुठला नवा हे वेगळं करण्यातच बराच वेळ गेला. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तपासाचा क्रम मी वेगळा लावला असता.

आधी आवाज, मग बिल, ही आमची पद्धत नाही. शोधण्याचे पैसे वेगळे पडतात हे गाडी घेतानाच तोंडी सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. तरी पुढे ते ठळक लिहून लावायचं बघतोय, आणि गाडी जास्त दिवस राहणार असेल तर अधूनमधून खबर देण्याचाही प्रयत्न राहील.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. जमल्यास त्यात कार्डवरची ती ओळ जोडा, वाचणाऱ्याला दोन्ही बाजू कळतील.

नवीन बुश बसवलं असेल तर जुनं मागून घ्या आणि चीर कुठल्या बाजूने गेली आहे ते बघा. एकाच बाजूने असेल तर पुढची दोन्ही रबरंही तपासून घ्या, नाहीतर काही महिन्यांत हाच आवाज पुन्हा येईल. डिफच्या माउंटिंगचे बोल्ट थोडं चालवून झाल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा बघायला सांगा.

आणि ट्रायलसाठी डिकी रिकामी केली तेव्हा काढलेला तुमचा टो-हुक आमच्याकडेच राहिला आहे. त्या दिवशी तुम्ही घाईत निघालात. गाडीचा नंबर लिहून काउंटरवर ठेवलाय, कुणालाही पाठवा, किंवा पत्ता कळवा, पोहोचवतो.