अप्पांची वही

इंदूरला रामबागेच्या कोपऱ्यावर रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी आमचा कट्टा भरतो. परवा अप्पा घराच्या आवराआवरीत सापडलेली वही काखोटीला मारून आले. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. कोरोनात रोज संध्याकाळचं सरकारी बुलेटिन त्यांनी त्यात उतरवलेलं: नवे रुग्ण, तपासण्या, भरती, मृत्यू. सोमवारच्या आकड्याखाली लाल रेघ. सुट्टीला नमुने कमी, म्हणून तो आकडा धरायचा नाही, सात दिवसांची सरासरी काढायची. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, दुसरं काय करणार!

"बघा," अप्पा म्हणाले, "इंदूरला सगळ्यात मोठी लाट जानेवारी 2022ची. दिवसाला 3 हजारांच्या वर गेली. एप्रिल 2021मध्ये 2 हजारसुद्धा झाले नव्हते."

दिलीपचं मेडिकल आहे. त्याने पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरता भुरभुरता हात थांबवला. "काय बोलून राहिलात अप्पा! एप्रिलात लोक माझ्या शटरखालून ऑक्सिमीटर मागत होते. जानेवारीत खोकल्याची बाटली अन् पॅरासिटामॉल घेऊन घरी जात होते. तिकडे खंडवा रोडवर सत्संगाच्या मैदानात खाटा टाकाव्या लागल्या, त्या कोणत्या लाटेत?"

"मग आकडे खोटे?"

"खोटे नाहीत, तोकडे," माधुरीताई म्हणाल्या. त्या पॅथॉलॉजीत असतात, त्यामुळे या विषयावर त्यांच्यापुढे आमची डाळ शिजत नाही. "एप्रिलात जितकी किट तितक्याच तपासण्या. रिपोर्ट दोन-तीन दिवस मागे. शंभरात वीसच्या आसपास पॉझिटिव्ह येत होते. डब्ल्यूएचओ म्हणत होती पाचच्या खाली हवेत. वीस निघतात म्हणजे बाहेर किती सुटले, त्याचा हिशोब कुठेच नाही."

अप्पा मागे हटणाऱ्यातले नाहीत. "बरं, रुग्ण सोडा. भरती बघा. आज रुग्ण वाढले की आठवड्या-दहा दिवसांनी भरती वाढते, आणि मृत्यू त्याच्याही मागून. पण एप्रिलच्या शेवटी भरतीची रेघ सपाट झालीये. म्हणजे उतार लागला होता."

इथे दिलीप खरंच चिडला. "भिया, बस भरली की कंडक्टर तिकीट फाडत नाही. म्हणून काय स्टॉपवर माणसं नाहीत?"

कोणी काही बोललं नाही. त्या दिवसांत त्याने मेव्हण्याला रिक्षात बसवून किती दारं ठोठावली, ते आम्हाला ठाऊक आहे.

जानेवारीतल्या भरतीचंही उलटंच होतं. माझी वहिनी बाळंतपणाला दाखल झाली, दवाखान्याच्या नियमाप्रमाणे तपासणी झाली, पॉझिटिव्ह निघाली. ना ताप, ना खोकला. नोंद मात्र कोरोनाच्या भरतीत. लसी झालेल्या, ओमायक्रॉन सौम्य, त्यात घरी किट आणून नाकात काडी घालणारे निम्मे लोक कुणाला कळवतच नव्हते. माझं मत विचाराल तर त्या महिन्यात एकच आकडा कामाचा होता, ऑक्सिजनवर किती जण. तो बुलेटिनात शोधावा लागायचा, आणि अप्पांच्या वहीत त्याचा रकानाच नाही.

माधुरीताई पानं उलटत होत्या. "अप्पा, हे नऊ दिवस कोरे का? एप्रिल 2021."

अप्पांनी चष्मा पुसला. "आजारी होतो. घरात पाच जण तापले होते. रांग बघून एकट्या थोरल्याचीच तपासणी केली, बाकीच्यांनी त्याचीच औषधं घेतली."

"म्हणजे पाचातला एक बुलेटिनात."

"तोही चार दिवसांनी," अप्पा म्हणाले, आणि पोहेवाल्याकडे पेन मागितलं.