अल्गोरिदमने दिलेली सेटिंग आणि मशिनवरचं भोक

सूक्ष्म मशिनिंगबद्दल, म्हणजे धातूत अगदी बारीक भोकं आणि खाचा पाडण्याबद्दल, एक दावा सध्या फार फिरतो आहे: मुंग्या, मधमाश्या, करडे लांडगे यांच्या वागण्यावर बेतलेले अल्गोरिदम वापरले की सर्वोत्तम सेटिंग आपोआप मिळते, ट्रायल लागत नाहीत, अल्गोरिदम जितका नवा तितकं उत्तर सरस, आणि ते कुठल्याही मशिनवर चालतं. हे अल्गोरिदम मला मोलाचे वाटतात. म्हणूनच हा दावा खोडणं भाग आहे.

‘ट्रायल लागत नाहीत.’ लागतातच. मायक्रो-ईडीएमवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशिनवर, कॅपॅसिटन्स (ठिणगीसाठी वीज साठवायची क्षमता), व्होल्टेज, फीड (टूल पुढे सरकवण्याचा वेग) बदलत आधी पंचवीस-तीस भोकं पाडावी लागतात. प्रत्येकाचा व्यास, टेपर (भोकाचा निमुळतेपणा), इलेक्ट्रोडची झीज मोजायची आणि त्या आकड्यांवरून समीकरण बसवायचं. अल्गोरिदममधला लांडग्यांचा कळप फिरतो तो या समीकरणात. मशिन त्याने पाहिलेलंच नसतं. मोजमाप चुकलं असेल, तर चुकीच्या समीकरणाचा तळ तो अगदी अचूक शोधून देतो.

शिवाय तीन घटकांच्या द्विघाती समीकरणात सहगुणक असतात फक्त १०. प्रत्येक घटकाचे १०० टप्पे धरले तर १० लाख जोड्या होतात. साधा लॅपटॉप त्या सगळ्या काही सेकंदांत तपासतो. तिथे कळप सोडायची गरजच काय?

‘नवा तो सरस.’ वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्येच दाखवलं, की सगळ्या शक्य समस्यांची सरासरी काढली तर कोणताही शोध-अल्गोरिदम दुसऱ्याहून वरचढ ठरत नाही. १९९५ चा कणसमूह अल्गोरिदम (पार्टिकल स्वार्म) सरस की २०१४ चा करडा लांडगा, हे जन्मसालावरून ठरवता येत नाही.

‘कुठल्याही मशिनवर चालतं.’ खरा धोका इथे आहे. मायक्रो-मिलिंगच्या, म्हणजे फिरत्या दातेरी टूलने बारीक कापण्याच्या, कामात टूलची धारच काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येची गोल असते आणि दर दात्यामागचा फीडही तेवढाच. चिपची जाडी त्या त्रिज्येच्या साधारण पाव ते एक-तृतीयांशाखाली गेली की चिप सुटतच नाही. धातू नुसता घासला जातो, बाजूला ढकलला जातो, बर (कडेला उरणारी धातूची खरखरीत किनार) वाढते. मोठ्या कामातली ‘फीड कमी, फिनिश चांगलं’ ही सवय इथे उलटते. ट्रायलमधला फीड या मर्यादेखाली कधी गेलाच नसेल, तर समीकरणाला हे कळणार कसं? त्यात दोन मायक्रॉनचा रनआउट (टूल अक्षापासून किंचित सरकून फिरणं) मोठ्या कटरला जाणवतही नाही. इथे मात्र एकच दाता सगळा कट घेऊ शकतो.

ईडीएममध्येही तेच. आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किटमधल्या ठिणगीची ऊर्जा ½CV²; C म्हणजे कॅपॅसिटन्स, V म्हणजे व्होल्टेज. १०० पिकोफॅरड आणि १०० व्होल्टला ०.५ मायक्रोज्यूल. अल्गोरिदमने १० पिकोफॅरड सुचवले, तर तारा आणि क्लँप यांची स्वतःची कॅपॅसिटन्सच तेवढी भरू शकते. तोच आकडा दुसऱ्या मशिनवर वेगळी ठिणगी देतो.

उपयोग आहे तो ओढाताणीत. वेग वाढवावा तर इलेक्ट्रोड झिजतो, झीज रोखावी तर वेळ जातो. अशा वेळी कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा २००२ चा एनएसजीए-२ हा अल्गोरिदम तडजोडीचे अनेक पर्याय एकत्र मांडतो. निवड जॉब ओळखणाऱ्यानेच करायची.

यापुढे असा दावा दिसला की अल्गोरिदमचं उत्तर सुधारत गेल्याचा तो खाली उतरत जाणारा आलेख बाजूला ठेवा आणि विचारा: त्या सेटिंगवर नव्या इलेक्ट्रोडने पुन्हा पाच भोकं पाडली का, आणि प्रत्येकाचा व्यास किती भरला?