मनी प्लँट ‘बिनविषारी’ नाही, आणि त्या मेसेजमधलं बाकीचंही तपासून घ्या

दहा महिन्यांच्या भाचीच्या तोंडातून मनी प्लँटचं अर्धं चावलेलं पान मी बोटाने बाहेर काढलं. तिची लाळ थांबत नव्हती, खालचा ओठ सुजला होता आणि ती दूधही घेत नव्हती. ती शांत झाल्यावर बहिणीने फोन पुढे केला. “ताई, यात तर बिनविषारी लिहिलंय. म्हणून तर पाळण्याच्या वर टांगला.”

हा मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय. त्यात पाच गोष्टी आहेत: एक मनी प्लँट खोलीतली हवा शुद्ध करतो हे नासाने सिद्ध केलंय, तो रात्रीही ऑक्सिजन सोडतो, लहान मुलांना आणि प्राण्यांना तो पूर्ण सुरक्षित आहे, त्याला उजेड लागत नाही, आणि रोज पाणी व पंधरा दिवसांनी वाटीभर दूध घातलं की वेल जोमाने वाढते.

आधी सुरक्षिततेचं, कारण बाकीच्या चुकांनी झाड मरेल, या चुकीने मूल रडतं. मनी प्लँट हा अळू-सुरणाच्या कुळातला. अळू खाजतं हे आपल्याला माहीत आहे; इथेही कारण तेच आहे. पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत, गालाच्या आतल्या बाजूला रुततात. आग होते, लाळ गळते, सूज येते. मांजर-कुत्र्यांनाही तोच त्रास होतो, शिवाय उलट्या. फिलोडेंड्रॉन आणि सिंगोनियम याच कुळातले, म्हणून तेही याच यादीत. एवढं मान्य करते की यातून जिवावर बेतणं फार दुर्मीळ आहे. पहिल्याच चाव्याला इतकं झोंबतं की मूल सहसा पुढे खात नाही. पण म्हणून त्याला ‘बिनविषारी’ म्हणायचं?

असं झालंच तर तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्याने तोंड आतून पुसा, घोट-घोट थंड पाणी द्या, हात धुवा म्हणजे चीक डोळ्यांत जाणार नाही. ओकारी काढायला लावू नका. सूज वाढत गेली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक डॉक्टरकडे न्या. आणि रांगतं मूल घरात असेल आणि लोंबती झाडंच हवी असतील तर मनी प्लँटवर अडून बसायची गरज नाही, स्पायडर प्लँट किंवा होया लावा, ती विषारी नाहीत.

आता नासा. अभ्यास खरा आहे, १९८९ चा. वोल्वर्टन आणि सहकाऱ्यांनी छोट्या हवाबंद पेट्यांत झाडं ठेवली, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, ट्रायक्लोरोइथिलीन ही हवेतली घातक रसायनं सोडली आणि ती किती कमी झाली ते मोजलं. त्यात मातीतल्या जिवाणूंचाही वाटा होता. पण घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दारं उघडतात, फटींतून हवा येते-जाते. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. नुसत्या वायुवीजनाने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय दहा फुटांची खोली साधारण ९.३ चौरस मीटरची, म्हणजे अगदी कमीत कमी ९०-९५ कुंड्या. खिडकी उघडा, काम झालं.

रात्रीच्या ऑक्सिजनचं तर एका ओळीत संपतं: प्रकाश नसेल तर प्रकाशसंश्लेषण नाही. होयासारखी काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात. (उलट भीती घालणारे मेसेजही येतात, झाड रात्री खोलीतला ऑक्सिजन खाऊन टाकतं म्हणून. तेही सोडून द्या, ते प्रमाण नगण्य असतं.)

उजेडाबद्दल अर्धं खरं आहे. कमी उजेडात मनी प्लँट तग धरतो. पण तग धरणं वेगळं आणि वाढणं वेगळं. बहिणीच्या वेलीचा वीतभर देठ उघडा होता, शेंड्याला दोनच पानं, आणि त्यांवरचे पिवळे पट्टे जवळजवळ गेले होते. उजेड कमी पडला की दोन पेरांतलं अंतर असंच वाढतं. खिडकीजवळ, थेट उन्हाचा चटका बसणार नाही अशी जागा द्या.

पाणी रोज नको. वरची माती बोटभर खोल कोरडी लागली की घाला, आणि कुंडीच्या तळाला भोक असू द्या. दूध कशाला? ते मातीत आंबतं, वास मारतं, चिलटं येतात. बहिणीने दोनदा घातलं होतं. काल कुंडी पालथी केली तर मुळं तपकिरी, दाबली की साल सुटून बोटांना चिकटत होती. वेलीचे तीन निरोगी तुकडे मी पेराच्या जरा खाली कापले (नुसत्या पानाला मुळं फुटली तरी वेल होत नाही, पेर हवंच) आणि पाण्याच्या बाटलीत ठेवलेत. बाटली खिडकीजवळच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे. पाळण्यावरचा हूक काढून टाकलाय.