‘नाव बदला, एसआरटी शेजारी ठेवा’ : या सल्ल्याने मराठी सबटायटल दिसत नाही

आमच्याकडच्या कास्तकारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. गुलाबी बोंडअळीचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ छोट्या मीडिया प्लेअरवर मराठी सबटायटलसह पाहायचे असतील तर कन्व्हर्ट करत बसू नका. एमकेव्ही फाइलच्या नावात शेवटी एमपी4 लिहा, एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलच्या मजकुराची वेगळी फाइल, त्याच नावाने शेजारी ठेवा, आणि सबटायटल चित्रावर बर्न, म्हणजे कायमचं छापणं, तर मुळीच करू नका, व्हिडिओ खराब होतो. मी हे सगळं करून पाहिलं, कारण माझ्या काकाजींना फार कमी ऐकू येतं. रात्री शेतात जागलीला जाताना ते 320×240 च्या स्क्रीनचा प्लेअर सोबत नेतात. त्यांच्यासाठी सबटायटल म्हणजेच व्हिडिओतलं बोलणं.

नाव बदलण्याचं आधी. पिशवीवरचं लेबल बदलून आतलं बियाणं बदलत नाही. एमकेव्ही हा व्हिडिओ आणि आवाज एकत्र ठेवणारा डबा आहे. प्लेअर आतला व्हिडिओ कुठल्या कोडेकचा, म्हणजे कुठल्या पद्धतीने दाबून साठवलेला, आणि किती मोठा आहे ते पाहतो. ॲपलचा जुना आयपॉड क्लासिक एच.264 या कोडेकचा व्हिडिओ 640×480 च्या वर चालवतच नाही, नाव काहीही ठेवा.

एसआरटीचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. एसआरटी वाचणाऱ्या बऱ्याच प्लेअरना दोन्ही फाइलींचं नाव सारखं लागतं, हे बरोबर. पण एसआरटीत नुसता मजकूर असतो. अक्षरं प्लेअरलाच काढावी लागतात. देवनागरीचा फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात. फाइल नोटपॅडमध्ये एएनएसआयमध्ये सेव्ह केली असेल तर प्रश्नचिन्हं उरतात, म्हणून ती यूटीएफ-8 मध्येच ठेवायची. आणि फॉन्ट असूनही अक्षरं जोडणारी व्यवस्था नसेल तर सगळ्यात वाईट घडतं, कारण मग मजकूर वाचता येतो, पण चुकीचा. संगणकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी घ्यावी लागते. काकाजींच्या प्लेअरवर ती जागची हलली नाही. ‘सलग 3 दिवस’चं ‘सलग 3 दविस’ झालं, ‘डोमकळ्या’ (बोंडअळी लागून न उमललेल्या कळ्या) मधला ‘ळ्या’ हलन्तासकट तुटला.

“हे दविस काय होय रे?” काकाजींनी विचारलं.

ती ओळ कामगंध सापळ्यांची होती: एका सापळ्यात रोज 8 पतंग, सलग 3 दिवस, म्हणजे आता उपाय करायची वेळ आली. पऱ्हाटी (कपाशी) उभी असताना ही ओळ चुकायला नको.

म्हणून बर्न करायचं. अक्षरं संगणकावर जुळतात आणि चित्राचाच भाग होतात. मग प्लेअरला मराठी येवो न येवो. त्यासाठी संगणकावरचे प्रोग्राम एफएफएमपेग किंवा हँडब्रेक, दोन्ही फुकट आहेत.

आता ‘व्हिडिओ खराब होतो’. बर्न करताना पुन्हा एन्कोड करावं, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून साठवावा लागतो आणि त्यात थोडी गुणवत्ता जाते, हे खरं. ते सबटायटल नंतर बंदही करता येत नाही. पण नवी फाइल वेगळी बनते, मूळ तशीच राहते. आणि 1280×720 चं चित्र या स्क्रीनवर 320×180 होतं, म्हणजे दर 16 पिक्सेलचा (चित्राच्या ठिपक्यांचा) 1 उरतो. प्लेअर मोठी फाइल चालवत नसेल तर एन्कोड तसंही करावंच लागतं.

खराब होतात ती अक्षरं, आणि तीही क्रम चुकला तर. आधी बर्न करून मग चित्र लहान केलं की मात्रा आणि अनुस्वार पुसट होतात. आधी लहान करा, मग बर्न करा. 320×180 च्या खाली 60 पिक्सेलची काळी पट्टी जोडा. सबटायटल त्या पट्टीत बसतं आणि बोंडावर येत नाही. एफएफएमपेग एसआरटीला अक्षराचा आकार 16 धरतं, पण तो 288 उंचीच्या हिशेबाने. आपल्या 240 च्या स्क्रीनवर ते साधारण 13 पिक्सेल होतात, देवनागरीला फार कमी. मी 26 ठेवतो, म्हणजे सुमारे 22 पिक्सेल. दोन ओळी पट्टीत मावतात. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी.

पूर्ण व्हिडिओ करण्याआधी एका मिनिटाचा तुकडा करून बघा, ज्यात ‘दिवस’, ‘निंबोळी’ आणि ‘डोमकळ्या’ हे तिन्ही शब्द येतात. तो आधी ज्यांना पाहायचा आहे त्यांच्याच हातात द्या, त्यांच्याच प्लेअरवर, आणि मोठ्याने वाचायला सांगा.