एकच चाचणी, बाळाची आणि हाडांची

(पुढे सिनेमांच्या कथा फुटणार आहेत. चालत नसेल त्यांनी आधी बघून या, पोस्ट कुठे पळत नाही.)

स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोवारचा 'माद्रेस पारालेलास' परवा तिसऱ्यांदा पाहिला. २०२१चा सिनेमा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही तेच म्हटलं होतं जे बरेच जण म्हणतात: दोन वेगळे सिनेमे एकत्र शिवलेत आणि टाके दिसतायत. एकीकडे दवाखान्यात बदललेली बाळं, म्हणजे आपल्या जुन्या मेलोड्रामातला हुकमी एक्का. दुसरीकडे स्पेनमधल्या १९३६च्या यादवीत गोळ्या घालून खड्ड्यात लोटलेली माणसं आणि त्यांची हाडं शोधणारी नातवंडं-पतवंडं. मधे पेनेलोपे क्रूझ. या खेपेला मत साफ फिरलं.

नावाचं भाषांतर केलं तर 'समांतर आया'. मराठीत 'आया' म्हणजे आईचं अनेकवचन आणि मूल सांभाळणारी बाईसुद्धा, आणि सिनेमात नेमकं तेच घडतं! जॅनिसला (क्रूझ) कळतं की घरातलं बाळ आपलं नाही, ते दवाखान्यात भेटलेल्या कोवळ्या आनाचं आहे. आनाकडे गेलेलं, म्हणजे जॅनिसचं खरं बाळ पाळण्यातच दगावलंय. मग ती काय करते? काहीच सांगत नाही. उलट आनालाच बाळ सांभाळायला घरी आणून ठेवते. खऱ्या आईला आया करते, पगार देते, आणि पुढे तिच्या प्रेमातही पडते.

आता हीच जॅनिस गावच्या पणजोबांची सामुदायिक कबर उघडावी म्हणून पुरातत्त्वाच्या माणसामागे लागलेली आहे. एका रात्री आना सहज बोलून जाते, बाबा म्हणतात पुढे बघावं, जुन्या जखमा कशाला उकरायच्या. जॅनिस भडकते. एक लाखाहून जास्त माणसं अजून शेतांत, रस्त्याच्या कडेला पुरलेली आहेत, तू कुठल्या देशात राहतेस ते आता तरी समजून घे, अशा अर्थाचं तिला सुनावते. आणि हे सुनावताना तिच्या स्वतःच्या कपाटात मातृत्वचाचणीचा अहवाल आहे! देशाकडे सत्य मागणारी बाई घरातलं सत्य दडपून बसलीय. कापूस गालात फिरवून घेतलेला थुंकीचा नमुना बाळाची आई ठरवतो, आणि तोच नमुना वारसांकडून घेऊन हाडांची ओळख पटवतात. टाके दिसतायत म्हणणाऱ्या मला तिसऱ्या वेळी कळलं की शिवण ही आहे.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय या सिनेमांतली घरं कळत नाहीत. स्पेनचा हुकूमशहा फ्रांको २० नोव्हेंबर १९७५ला गेला, अंथरुणात, सत्तेवर असताना. १९७७ला माफीचा कायदा आला. राजकीय कैदी सुटले, पण हुकूमशाहीत ज्यांनी मारलं, छळलं त्यांनाही तोच कायदा लागू झाला. लोकशाहीकडे जायचं तर मागचं काढायचं नाही, या समजुतीला तिथे 'विसरण्याचा करार' म्हणतात. २००० साली एका नातवाच्या पुढाकारानं लेओन प्रांतात कबर उघडली, हाडांची डीएनए चाचणी झाली, आणि तिथून गावोगावची नातवंडं पुढे आली. २००७ला ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला. सरकार बदललं आणि पंतप्रधान राहोय यांनी त्यासाठीची तरतूद शून्य युरोवर आणली. २०१९ला फ्रांकोचंच शव त्याच्या भव्य स्मारकातून बाहेर काढलं, आणि २०२२ला नवा, जास्त ठोस कायदा आला. म्हणजे 'माद्रेस पारालेलास' आला तेव्हा हा विषय संसदेतही होता आणि जेवणाच्या टेबलावरही.

टेबलावरून आठवलं. आनाची आई नटी आहे. ती म्हणते, मी अराजकीय आहे, सगळ्यांना आवडणं हे माझं काम. आणि ती तालीम कुणाच्या नाटकाची करते? कवी-नाटककार लोर्काच्या. ऑगस्ट १९३६मध्ये ग्रानादाजवळ ज्याला गोळ्या घातल्या आणि ज्याचा देह आजतागायत सापडलेला नाही, त्या लोर्काची वाक्यं पाठ करत बाई अराजकीय! आल्मोदोवार यावर एक शब्द बोलत नाही, तिला खलनायिकाही करत नाही. (आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इथे राजकारण नको' असा नियम आहे. नियम करणारे काका रोज सकाळी काय पाठवतात ते विचारू नका.)

दुसरा सिनेमा आईबरोबर पाहिला. इसियार बोयाइनचा 'मायशाबेल', तोही २०२१चाच. खरी घटना. हुआन मारी हाउरेगी हा समाजवादी पक्षाचा बास्क नेता, गिपुस्कोआ प्रांताचा माजी गव्हर्नर. २९ जुलै २०००ला तोलोसा गावातल्या कॅफेत 'एटा'च्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. स्वतंत्र बास्क देशासाठी लढतो म्हणणाऱ्या या संघटनेनं आठशेच्या वर माणसं मारली. २०११ला सशस्त्र कारवाया कायमच्या थांबवल्या, २०१८ला स्वतःला विसर्जित केलं. हाउरेगीची बायको मायशाबेल लासा. एटापासून फुटलेल्या, पश्चात्ताप झालेल्या कैद्यांनी बळींच्या कुटुंबीयांना भेटावं असा प्रयोग सुरू झाला आणि नवऱ्याच्या मारेकऱ्यांपैकी दोघांना ही बाई समोरासमोर भेटली.

सिनेमा पहिल्या काही मिनिटांत खून उरकतो. बोयाइनला त्यात रस नाही. तिला रस आहे दोन खुर्च्यांत. एका खोलीत एक टेबल, एक मध्यस्थ, ब्लांका पोर्तियो (मायशाबेल) आणि लुइस तोसार (मारेकऱ्यांपैकी एक). तोसारचा इबोन सांगतो की कोणाला मारायचंय, तो माणूस कोण, हे आम्ही विचारलंही नव्हतं. पोर्तियोच्या चेहऱ्यावर काहीच होत नाही, आणि तेच बघवत नाही. एका क्षणी ती म्हणते, तुझी आई असण्यापेक्षा मी हुआन मारीची विधवा असणं पत्करीन. मी लॅपटॉप थांबवला. आई इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "हे शिव्या देणं नाही हं. हे त्याच्या आईची कीव करणं आहे."

मला हे सुचलं नव्हतं. आणि सिनेमात इबोनची आई खरंच आहे, मुलगा रजेवर आला की त्याला जेवू घालणारी. माफी हा शब्द फार स्वस्त करून वापरतात सिनेमावाले. इथे मायशाबेलची मुलगी तिच्याबरोबर जात नाही, जुने मित्र तोंड फिरवतात, आणि इबोनचे एटातले जुने साथीदार त्याला गद्दार ठरवतात. म्हणजे एका भेटीसाठी दोघांनीही आपापली माणसं थोडी थोडी गमावली. पोर्तियोला यासाठी गोया मिळाला, जो तिथला सर्वांत मोठा सिनेपुरस्कार.

बोयाइनचं हे जुनंच काम आहे म्हणा. २००३च्या 'ते दोय मिस ओहोस'मध्ये याच तोसारला तिनं बायकोला मारणारा नवरा केलं होतं, तोलेदोच्या गल्ल्यांतला, वहीत आपले रागाचे रंग लिहून काढणारा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४मध्ये, स्पेननं स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा सर्वंकष कायदा केला. सिनेमामुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही. पण घरातलं भांडण घरात राहू द्या, हे म्हणणं तिथे तेव्हा मोडत चाललं होतं आणि सिनेमा त्याच मोडण्यातला होता.

२०२२ साली दोन सिनेमे पाठोपाठ आले, दोन्ही गावातले, आणि दोन्हीत खलनायक म्हणून उभी आहे चक्क हरित ऊर्जा! कार्ला सिमोनच्या 'आल्कार्रास'मध्ये कातालोनियातलं एक कुटुंब पिढ्यान् पिढ्या पीचची बाग कसतंय. यादवीत या कुटुंबानं जमीनमालकाला लपवून वाचवलं, त्यानं उपकार म्हणून जमीन दिली, तोंडी. ना करार, ना कागद. आता मालकाच्या वारसाला तिथे सौर पॅनल लावायचेत. कूळ, सातबारा, खोत हे शब्द ज्या घरांत ऐकत वाढलो तिथल्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. बर्लिनमध्ये त्याला गोल्डन बेअर मिळालं. पडद्यावरचे बहुतेक सगळे त्याच भागातले लोक, नट नव्हेत.

'आस बेस्तास' मात्र अंगावर येतो. गालिसियातलं ओस पडत चाललेलं गाव. शेती करायला आलेलं फ्रेंच जोडपं पवनचक्क्यांच्या विरोधात मत देतं आणि शेजारच्या दोन भावांच्या हातचा पैसा जातो. दिग्दर्शक सोरोगोयेननं दारूच्या गुत्त्यातला एक प्रसंग एकाच लांब शॉटमध्ये घेतलाय: तो फ्रेंच माणूस, आंत्वान, बाटली मागवून भावांसमोर बसतो, समजूत काढायला. आणि थोरला शान बोलायला लागतो, आपल्या हातात आयुष्यभर काय पडलं ते. तुला हे गाव आवडलं म्हणून तू आलास, आम्ही इथेच अडकलोय. ज्याला आपण पहिला तासभर राक्षस समजत होतो त्याचं म्हणणं नीट ऐकू येतं. त्यानं काही टळत नाही. तरी ऐकू येतं.

एक तक्रार. हे सगळं आपण इंग्रजी सबटायटल्समध्ये बघतो आणि तिथे सगळे एकच भाषा बोलतात. मुळात 'आल्कार्रास' कातालान आहे, 'आस बेस्तास'मधले भाऊ आपसात गालिसियन बोलतात आणि फ्रेंच माणसाशी स्पॅनिश, 'मायशाबेल'मध्ये बास्क ऐकू येतं. फ्रांकोच्या काळात या भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होत्या. कोण कुठल्या वाक्याला भाषा बदलतो यात अर्धं राजकारण आहे, आणि आपल्या पडद्यावर ते एकाच पांढऱ्या ओळीत सपाट होतं.

सगळेच इतके चांगले नाहीत. 'एल ४७' (२०२४) मला गोड वाटला. बार्सिलोनाच्या डोंगरावरच्या वस्तीत बस जात नाही म्हणून १९७८ला एक चालक आपली बसच पळवून वर नेतो, घटना खरी आहे, एदुआर्द फेर्नांदेस सुंदर. पण कोण बरोबर हे पहिल्या दृश्यापासून ठरलेलं असलं की मी खुर्चीत मागे रेलते. गोयात मात्र त्याला सर्वोत्कृष्टचा मान मिळाला, आणखी एका सिनेमाबरोबर विभागून. माझं कोण ऐकतंय!

'माद्रेस पारालेलास'मध्ये शेवटी कबर उघडते तेव्हा हाडांत एक खुळखुळा सापडतो. लेकराशी खेळत असलेल्या बापाला उचलून नेलं, तो हातातच राहिला. पहिल्यांदा मला हे जरा जास्तच वाटलं होतं, आल्मोदोवारला रडवायचंच होतं म्हणून घातलेलं. मग वाचलं. पालेन्सिया शहरात एका बागेखाली जुनी दफनभूमी होती. तिथे २०११ला कातालिना मुन्योस या बाईच्या सांगाड्यापाशी खुळखुळा निघाला, रंग अजून शाबूत. तिला सप्टेंबर १९३६मध्ये गोळ्या घातल्या, तेव्हा धाकटा मुलगा नऊ महिन्यांचा होता. आईचे अवशेष आणि तो खुळखुळा २०१९ला त्याच्या हाती आला. तो ८३ वर्षांचा होता.