लहान मंडळीला पंथ कशाला हवा?

गेल्या काही महिन्यांत ख्रिस्ती व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरतो आहे. पंथ माणसांनी निर्माण केले, बायबलमध्ये ‘बाप्टिस्ट’ नावाचा पंथ कुठेच नाही. पंथातल्या मंडळीला, म्हणजे स्थानिक चर्चला, वरून हुकूम येतात आणि तिचा पैसा वर जातो. बाप्टिस्टांचा इतिहास गुलामगिरीने आणि झाकून ठेवलेल्या पापांनी डागाळलेला आहे. म्हणून तरुण पाळकांनी पंथ सोडून ‘फक्त ख्रिस्ताचे’ व्हावे, असा त्याचा आशय आहे. मी एकतीस वर्षांचा आहे आणि एका लहान बाप्टिस्ट मंडळीचा पाळक आहे. शाळेच्या भाड्याच्या वर्गात आमची उपासना होते आणि रविवारी पस्तीस-चाळीस माणसे येतात. माझ्याच मंडळीतल्या एका तरुणाने हा संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘पास्टर, याला उत्तर आहे का?’ उत्तर आहे. मात्र एका मुद्द्यावर संदेश लिहिणाऱ्याचे म्हणणे मला मान्य करावे लागते, आणि तो मुद्दा मी टाळणार नाही.

बायबलमध्ये बाप्टिस्ट पंथ नाही, हे खरे आहे. त्यासाठी संदेशात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार दिला आहे, जिथे ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ असे म्हणणाऱ्यांना पौल फटकारतो. पण ते वचन शेवटपर्यंत वाचावे. त्याच यादीत चौथा गट ‘मी ख्रिस्ताचा’ म्हणणाऱ्यांचा आहे आणि पौलाने त्यालाही वगळलेले नाही. पंथाची पाटी काढून टाकल्याने गटबाजी संपत नाही, उलट आपण कोणत्याच गटात नाही अशी समजूत करून घेतलेला आणखी एक गट तयार होतो. शिवाय बाप्टिस्ट हे नाव या लोकांनी स्वतः घेतलेले नसून विरोधकांनी दिलेले आहे. १६०९ साली ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि टॉमस हेलविस यांच्याबरोबरच्या इंग्रज निर्वासितांनी, विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे ठरवले. हेलविस पुढे लंडनला परतले आणि राजा हाही मर्त्य माणूसच आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असे त्यांनी राजा जेम्सला उद्देशून लिहिले. ही मोकळीक त्यांनी यहुदी, मुसलमान आणि पाखंडी ठरवलेल्या लोकांसाठीही मागितली होती. त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले आणि काही वर्षांतच त्यांचे निधन झाले. भारतासारख्या देशात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या माझ्यासारख्याला हा वारसा परका वाटत नाही.

पंथ म्हणजे फूट, असे म्हणणाऱ्यांसाठी एवढे नोंदवतो की १९७० साली नागपूरला उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, तेव्हा तिच्यात सामील झालेल्या सहा परंपरांपैकी एक बाप्टिस्टांची होती.

आता हुकुमांचा मुद्दा. संदेश लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा बिशप असलेला एखादा पंथ असावा, कारण बाप्टिस्टांमध्ये मंडळीच्या वर बसून हुकूम देणारे पद मुळातच नाही. लंडनच्या बाप्टिस्टांनी १६७७ साली तयार केलेल्या आणि १६८९ साली मान्य केलेल्या विश्वासकबुलीत हे स्पष्ट आहे. अनेक मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र जमून सल्ला देऊ शकतात, पण त्यांना मंडळीवर कोणताही अधिकार नाही आणि आपला निर्णय ते कोणावर लादू शकत नाहीत, असे तिच्यात लिहिले आहे. आमच्याकडे याचे रूप असे दिसते : वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचतात, आणि घरकाम करून पोट भरणाऱ्या एक मावशी दरवर्षी न चुकता हात वर करतात. यंदा त्यांनी चटयांवर खर्च झालेल्या १,८०० रुपयांची पावती मागितली. पावती माझ्याच पिशवीत राहिली होती. ती सापडून सर्वांना दाखवली जाईपर्यंत हिशेब मंजूर झाला नाही. पाळकाला असा प्रश्न विचारणे हा त्या मावशींचा हक्क आहे, आणि तो त्यांना आमच्या पंथाच्या शिकवणीनेच दिला आहे.

‘स्वतंत्र’ मंडळी मी लहानपणी पाहिलेली आहे. ती कोणत्याही पंथाची नव्हती आणि तिची जागा पाळकांच्या स्वतःच्या नावावर होती. वाद झाला तेव्हा एका रविवारी दाराला नवे कुलूप लागलेले होते. माझी आई आणि आणखी वीसेक माणसे गीतांची पुस्तके हातात घेऊन रस्त्यावर उभी होती आणि दाद मागायला त्यांना कोणीच नव्हते. त्या सकाळची आठवण मी अजून विसरू शकलेलो नाही.

पैसा वर जातो, या म्हणण्याला उत्तर इतिहासातूनही देता येते. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधील केटरिंग येथे एका विधवेच्या घरी डझनभर बाप्टिस्ट पाळक जमले होते. बहुतेकांच्या मंडळ्या लहान होत्या. त्यांनी मिळून १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स देण्याचे वचन दिले. त्यांच्यापैकी विल्यम कॅरी तेव्हा माझ्याच वयाचे होते. मोल्टन या खेड्यात पाळक असताना पगारात भागत नसल्यामुळे त्यांनी शाळा चालवली होती आणि जोडे शिवले होते. जमलेल्या पाळकांपैकी कोणाच्याही मंडळीला एकटीने कॅरींना भारतात पाठवणे परवडले नसते. ते १७९३ साली बंगालमध्ये आले, आणि पुढे सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी लिपीतला मराठी शब्दकोश बाहेर पडला. या कामात पंडित वैजनाथ यांचे मोठे साहाय्य होते. वर गेलेला पैसा कुठे पोहोचतो, याचा एक दाखला आपल्या भाषेतच आहे.

आमची मंडळी अर्पणाचा दहावा भाग मंडळ्यांच्या संघाला देते, आणि तो द्यायचा की नाही हे दरवर्षी सभासद मत देऊन ठरवतात. दोन वर्षांपूर्वी पावसाचे पाणी आमच्या वर्गात शिरले, पेटी फुगली आणि पुस्तकांचा लगदा झाला. संघातल्या तीन मंडळ्यांनी आपले एका रविवारचे अर्पण आम्हाला पाठवले. त्यांतली एक मंडळी आमच्याहूनही लहान होती. मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, हे आम्ही बायबलमध्ये वाचत आलो होतो. त्या पावसाळ्यात ते आमच्या वाट्याला आले.

चौथा मुद्दा सर्वांत जड आहे. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा बाप्टिस्ट मंडळ्यांचा संघ १८४५ साली उभा राहिला, ते गुलामांच्या मालकांना मिशनरी होता यावे या आग्रहातून. त्यासाठी त्यांनी ठराव करून क्षमा मागितली ती १९९५ साली. २०२२ च्या स्वतंत्र चौकशी अहवालातून याहून ताजी गोष्ट पुढे आली. लैंगिक अत्याचार झालेल्यांना तिथले पदाधिकारी वर्षानुवर्षे, ‘प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्ही काही करू शकत नाही’ असे सांगून परत पाठवत होते, आणि त्याच वेळी आरोप झालेल्या पाळकांची यादी त्यांच्या कार्यालयात ठेवलेली होती. ज्या स्वायत्ततेचे मी वर समर्थन केले, तीच इथे ढाल म्हणून वापरली गेली. याचा बचाव मी करणार नाही, आणि संदेशातले हे वाक्य मी जसेच्या तसे मान्य करतो.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. या अत्याचारांची चौकशी कन्व्हेन्शनच्या कार्यकारी समितीच्या हातातून काढून घेण्याचा ठराव २०२१ साली नॅशव्हिलच्या अधिवेशनात झाला, आणि तो मंडळ्यांनी पाठवलेल्या साध्या प्रतिनिधींनी मत देऊन मंजूर केला. पुढच्या सुधारणा रेंगाळल्या, हेही खरे आहे. तरी ज्या मंडळीचे कोणाशीच नाते नाही, तिथे अत्याचार झाल्यास असा ठराव कोण मांडणार? आणि गुलामगिरीबद्दल बोलायचे, तर १८३१ च्या नाताळात जमैकात गुलामांचा लढा उभा करणारे आणि पुढच्या वर्षी फासावर गेलेले सॅम्युअल शार्प बाप्टिस्ट मंडळीतलेच सेवक (डीकन) होते. माँटगोमेरीला १९५४ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी पाळक झालेले मार्टिन ल्यूथर किंग हेही बाप्टिस्टच होते. यामुळे १८४५ चा डाग पुसला जात नाही, पण त्या डागाविरुद्ध उभे राहिलेले लोकही याच घरातले होते.

राहिला तरुण पाळकांना दिलेला सल्ला. पाळकपदाच्या माझ्या दीक्षेआधी शेजारच्या मंडळ्यांचे तीन पाळक आणि दोन सेवक यांनी मला दोन तास प्रश्न विचारले. त्यांपैकी एका वृद्ध सेवकांचा प्रश्न असा होता : ‘तुमच्या मंडळीतल्या सर्वांत मोठ्या देणगीदाराने लहान बाळाला बाप्तिस्मा द्या म्हटले, तर?’ मी लगेच ‘नाही’ म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, ‘नाही म्हणणे सोपे आहे. त्याच्या घरी जाऊन कसे सांगाल ते सांगा.’ मला उत्तर सुचेना, आणि त्या दिवशी ते मला त्यांनीच शिकवले. पंथ नसता, तर हा प्रश्न मला कोणी विचारलाच नसता.

पुढच्या महिन्यात शेजारच्या मंडळीत एका तरुणाची अशीच परीक्षा आहे. प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये या वेळी मी बसणार आहे, आणि संदेश पाठवणाऱ्या आमच्या तरुणाला ती ऐकायला बरोबर नेणार आहे.